एका कांडीचा माग : अंतिम प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी, बडोदा

काल रात्री इचलकरंजीहून परतले. सोबत एक पोतं आणि एक थैली, दोन्हींत कांड्या. लाकडी, जुन्या, तेलानं काळपट झालेल्या. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कांड्या आल्यात. आई ज्या कारखान्यात कांडी मशीन चालवते तिथले मालक या जुन्या कांड्या बंबात घालायला कुणाला तरी देणार होते, त्या मी मागून घेतल्या. आज सकाळी स्टुडिओच्या फरशीवर ओतून मोजल्या, ६१२ भरल्या.

ज्यांनी माग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. कांडी म्हणजे वीतभर लांबीची, एका टोकाला निमुळती नळी. आडवं सूत, म्हणजे बाणा, तिच्यावर गुंडाळतात. भरलेली कांडी धोट्यात बसते आणि धोटा उभ्या सुतातून, म्हणजे ताण्यातून, या कडेचा त्या कडेला जातो, परत येतो. कांडी संपली की माग थांबवून दुसरी घालायची. आई गेली एकोणीस वर्षं या कांड्या भरते.

एम.व्ही.ए.च्या, म्हणजे दृश्यकलेतल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या सत्रात एक काम आणि त्यासोबत लेखी निबंध द्यायचा आहे. विषय 'श्रम आणि साहित्य' (साहित्य म्हणजे मटेरियल) असा मी डिसेंबरातच लिहून दिलाय.

११ जानेवारी

सगळ्या कांड्या नायलॉनच्या दोरीनं छताला टांगल्या. चौकोनी रचना, खालची पातळी लाटेसारखी. बाजूच्या खिडकीतून ऊन आलं की सावल्या फरशीवर सरकतात. वर्गातल्या सगळ्यांनी फोटो काढले. मलाही आवडलं, हे इथं लिहायला हवं.

सर आले, पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग हिंदीत एवढंच म्हणाले, "ही कांडी कारखान्यात काय काम करते ते मला माहीत आहे. इथं ती काय काम करतेय?" मी स्मृती, अनुपस्थिती वगैरे सांगायला लागले. बोलता बोलताच माझे शब्द मला परके वाटले.

१४ जानेवारी

उत्तरायण. विभाग बंद, सगळं बडोदं गच्चीवर. मी दांडिया बाजारात ज्यांच्याकडे राहते त्या आजींनी तिळगूळ आणि उंधियू एकाच ताटात वाढलं. त्यांच्या घराण्यातलं मराठी सयाजीरावांच्या काळापासून इथंच मुरलंय.

संध्याकाळी चालत निघाले. झाडांवर, तारांवर, टीव्हीच्या अँटेनावर सगळीकडे मांजा. मांजाही सूतच, खळ आणि काचेची पूड लावलेलं. एक धागा एका घराच्या कठड्यापासून सुरू होऊन समोरच्या लिंबापर्यंत गेलेला, तिथून पुढं कुठं ते दिसत नव्हतं. किती वेळ त्याच्या मागं मागं नजर नेत उभी राहिले कोण जाणे. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात, तेही दिसलं.

२२ जानेवारी

आईला व्हिडिओ कॉलवर काम दाखवलं. मी फोन हळूहळू फिरवत होते. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या फुटक्या कांड्या हाईत की गं. टोकं बघ. ह्यातली एक बी मशीनवर चढायची न्हाई."

फोन ठेवून एकेक कांडी तपासली. कुणाचं टोक तडकलेलं, कुणाचा तळ झिजलेला, कुणावर धागा अडकेल अशी कुसळं निघालेली. जळणात काढलेल्या वस्तू त्या. त्यांवर ऊन पाडून मी त्यांना श्रमाचं रूप म्हणत होते. श्रम ज्याला कळतो त्या डोळ्यांना तिथं भंगार टांगलेलं दिसलं.

रात्री सगळं उतरवलं.

२८ जानेवारी

सिद्धान्ताच्या तासाला अमेरिकन कलासमीक्षक हॅल फॉस्टर यांचा 'कलावंत वांशिकशास्त्रज्ञाच्या भूमिकेत' या अर्थाचा निबंध होता, १९९६ सालच्या त्यांच्या पुस्तकातला. कलावंत एखाद्या वस्तीत, एखाद्या समूहात जातो, तिथलं साहित्य गोळा करतो, त्यांच्या वतीनं बोलू लागतो. ते लोक मात्र त्यात विषय होऊन राहतात आणि मान कलावंताला मिळतो. फॉस्टर यांचा इशारा साधारण असा.

चर्चेत मैत्रीण म्हणाली, "तुला हे लागू नाही, तू तर तिथलीच." मी तेव्हा मान डोलावली. खोलीवर येऊन विचार केला. मी तिथली आहे, पण पदवीची चार वर्षं आणि इथली दोन, असं सहा वर्षांत मी मागाकडे बघायचं कसं ते कलाशाळेच्या भिंतींवरून शिकलेय. ६१२ कांड्या मी बाहेरून आलेल्या माणसासारख्याच निवडल्या होत्या: जुन्या दिसल्या, छान दिसल्या, उचलल्या. जन्मानं मिळालेली ओळख या बाबतीत पुरत नाही. चालणारी कांडी कोणती आणि मोडकी कोणती हे ओळखायला शिकणं हा अभ्यासाचा भाग आहे आणि तो मी केलेला नाही. निबंधाचा पहिला मुद्दा हाच.

४ फेब्रुवारी

दिवसभर ग्रंथालयात. चित्रकार नसरीन मोहम्मदी १९७२ पासून इथं, आमच्याच कला विभागात, शिकवत होत्या. १९९० साली अलिबागजवळ किहीमला वारल्या. त्यांची पेन्सिल आणि शाईची रेखाटनं छापील पुस्तकात बघायला लागलं की डोळे शिणतात, कारण रेषा केसाएवढ्या आणि अंतरं मोजून बदलत गेलेली. आत्तापर्यंत मी त्यांना 'ग्रिड' म्हणून ओलांडून जात होते. आज एका चित्रातल्या रेषा बोटानं मोजत गेले आणि एकेक रेष ओढायला हाताला किती वेळ लागला असेल हे जाणवलं.

मग चित्रकार प्रभाकर बरवे. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक दहावीनंतरच्या सुट्टीत वाचलं होतं, तेव्हा अर्धं डोक्यावरून गेलं. विणकर सेवा केंद्रात त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली, आधी बनारस, मग मुंबई. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन हेही १९५९ ते १९६१ हातमाग मंडळात होते. आणि या गावात तर १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं, तिथं विणकाम आणि रंगाई शिकवायचे. माग आणि चित्रकला यांच्यात मी जे अंतर धरून चालले होते ते या मंडळींच्या आयुष्यात फारसं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, इचलकरंजी

चार दिवसांसाठी घरी. आज मालकांना विचारून पूर्ण पाळी कारखान्यात बसले.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, हे आम्हाला शाळेत सांगितलेलं. पण माझं सगळं बालपण मागाच्या आवाजात गेलं तरी मी एका मागासमोर दहा मिनिटं सलग कधी उभी राहिले नव्हते. आज मोबाइलवर चित्रण केलं, मग हळू गतीनं लावून पिका मोजल्या. धोटा एकदा आरपार गेला की एक पीक. मिनिटाला १४८. कापडाचा पन्हा ५० इंच. एक कांडी साधारण पाच मिनिटं पुरते.

समोरच्या मामांकडे सहा माग. म्हणजे सरासरी दर ५० सेकंदांनी कुठल्यातरी मागावरची कांडी संपते. माग थांबवायचा, धोटा काढायचा, भरलेली कांडी घातलेला दुसरा धोटा ठेवायचा, दांडा ओढायचा. काढलेल्या धोट्यातली रिकामी कांडी बदलून सूत भोकातून बाहेर घ्यायचं. त्यासाठी मामा धोट्याच्या भोकाला ओठ लावतात आणि श्वास आत ओढतात, सुताचं टोक बाहेर येतं. ते करताना मी त्यांचा गळा पाहत होते, एक छोटा आवंढा गिळल्यासारखा हलायचा. सुताबरोबर कापसाची भुकटीही आत जाते. बारा तासांच्या पाळीत असं साडेआठशेच्या आसपास वेळा. मध्ये उभं सूत तुटलं तर ते जोडणं निराळंच.

आवाजात बोलता येत नाही म्हणून सगळे ओठांवरून आणि हातांवरून ओळखतात. आईनं पलीकडून हात चोचीसारखा करून तोंडाकडे नेला. जेवलीस का, असं.

१५ फेब्रुवारी

आईला म्हटलं, मला एक कांडी भरून दे. एकच. चाळीस नंबरचं सूत. तिनं विचारलं, "एकीचं काय करणारेस?" मी म्हटलं, भिंतीवर मांडणार. तिनं जेवणाच्या सुट्टीनंतर पांढरी स्वच्छ कांडी निवडली, टोकावर अंगठा फिरवून बघितला, मशीनवर चढवली. भरल्यावर सुताचं टोक दोन वेढे देऊन खोचलं आणि रुमालात गुंडाळून दिली. मामांनी मालकांना सांगून आणखी एक भरलेली कांडी दिली, तपासायला.

२० फेब्रुवारी, बडोदा

हिशेब. ५० इंच म्हणजे १.२७ मीटर. मिनिटाला १४८ पिका, पाच मिनिटं, म्हणजे ७४० पिका. सगळं मिळून साधारण ९४० मीटर सूत.

पडताळा म्हणून मामांनी दिलेली कांडी घेऊन मांडवीतल्या एका सोनाराकडे गेले. आधी भरलेली, मग त्याच्यासमोर सगळं सूत उकलून रिकामी. फरक १४ ग्रॅम. चाळीस नंबरच्या सुताचं एका ग्रॅमला ६७ मीटरहून थोडं जास्त पडतं, म्हणजे पुन्हा ९४० च्या आसपासच. सोनारानं पैसे घेतले नाहीत. त्यानं ते सूत तळहातावर घेऊन पाहिलं आणि विचारलं, एवढं हलकं?

आता काम डोळ्यांसमोर आहे. आईची एक कांडी, तिचं सगळं सूत, न कापता, एका भिंतीवर. सहा मीटर रुंदी घेतली तर १५६ ओळी होतील आणि चार मीटर उरेल. दोन ओळींत दीड सेंटिमीटर. उंची सव्वादोन मीटरच्या वर जाते, म्हणजे माणसापेक्षा उंच. एका मागाची पाच मिनिटं.

३ मार्च

मजुरीचा प्रश्न. कांडी भरण्याचे पैसे आईला प्रकल्पाच्या खर्चातून द्यायचे का? सेमिनारमध्ये हा मुद्दा मीच मांडला आणि दोन तास त्यावर गेले.

स्पॅनिश कलावंत सान्तियागो सिएरा यांचं १९९९ चं हवानातलं काम दाखवलं: सहा तरुणांच्या पाठींवरून २५० सेंटिमीटरची एक सरळ रेष गोंदवलेली, प्रत्येकाला ३० डॉलर देऊन. व्यवहार उघडा करून दाखवणं हाच त्याचा विषय, असं एक बाजू म्हणते. मला ते छायाचित्र बघवत नाही. त्या रेषेत मला काहीही शिकायला मिळत नाही, फक्त पैशानं माणूस किती वाकतो एवढंच पुन्हा दिसतं, आणि ते आमच्या गावात आम्हाला रोज दिसतं.

त्याउलट अमेरिकन कलावंत मिर्ले लेडरमन युकेलीस. १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या ८५०० सफाई कामगारांना त्या प्रत्यक्ष भेटल्या, प्रत्येकाशी हात मिळवून शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. यात कामगारांची पाळी, त्यांचे मार्ग, त्यांच्या वेळा कलावंताला पाळाव्या लागल्या. हे मला पटतं. वर्गातल्या दोघांना ते भाबडं वाटलं. त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, पण माझं मत बदललं नाही.

रात्री आईला विचारलं. आधी म्हणाली, पोरीकडनं मजुरी घेऊ व्हय? मग थोड्या वेळानं, "कारखान्याच्या येळेत भरलीय. मालकाचं सूत, मालकाचं मशीन. द्यायचं तर त्यास्नी सुताचं दे. आणि माझं नाव लिव." सुताचे पैसे पाठवले.

१० मार्च

निबंध इंग्रजीत द्यायचा आहे, पण आधी मराठीत लिहितेय, नाहीतर मला माझंच म्हणणं सापडत नाही. 'इन्स्टॉलेशन'ला आपण मांडणशिल्प म्हणतो. हा शब्द आईला समजावून सांगावा लागला नाही. मांडण म्हणजे फळीवरची भांड्यांची मांडण, ती तिच्या स्वयंपाकघरात रोज असते, तिच्यात कोणतं पातेलं कशाच्या पुढं हे ठरलेलं असतं.

दुसरा शब्द 'माग'. कापड विणायचा तो माग, आणि हरवलेल्या जनावराचा काढतात तोही माग. व्युत्पत्ती एक की दोन यात मला शिरायचं नाही. पण मराठीत लिहिताना हे दोन्ही एका शब्दात ऐकू येतात, आणि माझं काम नेमकं त्याच जागी उभं आहे. इंग्रजी मसुद्यात हे कसं आणायचं ते अजून सुचलेलं नाही. शब्द तसाच ठेवून एक परिच्छेद लिहीन.

१९ मार्च

चार दिवसांत ३१४ खिळे. पट्टी, ओळंबा, पेन्सिल. ओळंबा शिल्पकला विभागातल्या मिस्त्रीकाकांनी दिला आणि कसा धरायचा तेही दाखवलं.

२४ मार्च

सूत लावायला परवा सुरुवात केली. आज ६१ व्या ओळीवर तुटलं.

कारण माझंच. ताण्याचं सूत सायझिंगमध्ये खळ लावून कडक केलेलं असतं, बाण्याचं नसतं. मी ते ताण्यासारखं ओढत होते. शिवाय वर पंखा चालू होता, त्यामुळे शेजारच्या ओळी एकमेकींना चिकटून सुताचे रोवे, म्हणजे बारीक तंतू, अडकत होते.

आईला फोन लावला. तिनं कॅमेऱ्यासमोर गाठ मारून दाखवली. डाव्या हाताच्या अंगठ्यावर दोन्ही टोकं एकावर एक आडवी, एक टोक अंगठ्याच्या नखामागून फिरवून पुन्हा पुढं, दुसरं टोक त्या फासात दुमडून आत, अंगठ्यानं दाबायचं आणि ओढायचं. तिला दोन सेकंद लागतात. मला पहिली जमायला पस्तीस मिनिटं लागली, तीही तिसऱ्यांदा तिनं "अंगठा ढिला सोड" म्हटल्यावर. गाठ तिळाएवढी होते. चांगली झाली तर बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही.

कलावंत शीला गौडा यांनी १९९८ मध्ये सुईच्या नेढ्यातून दोरा ओवत, अशा कितीतरी दोऱ्यांना कुंकू लावून त्यांचे जाड दोर केले. त्या कामाबद्दल मी पदवीला असताना दोन पानं लिहिली होती, वेदना आणि स्त्रीत्व यांवर. ओवण्याबद्दल एक ओळ नव्हती. आज ती दोन पानं पुन्हा लिहायला घेतली.

३१ मार्च

पंखा बंद करून काम. बाहेर चाळीस अंशांच्या आसपास. पहाटे सहा ते दहा आणि रात्री आठनंतर, एवढाच वेळ हात घामेजत नाहीत. ११८ ओळी. आतापर्यंत सात गाठी.

६ एप्रिल

सूत संपलं. १५६ ओळी नाही झाल्या. १४९ पूर्ण आणि वर अर्धा हात.

पुन्हा मोजलं. दोनदा. खिळ्यांमधलं अंतर मोजलं, ते बरोबर आहे. उरलेले खिळे तसेच उघडे, खाली सात ओळींची कोरी जागा. हिशेब चुकला असं वाटून रात्री झोप लागली नाही. सकाळी आईला विचारलं.

"मी जरा कमीच भरते. गच्च भरली तर वरचे वेढे धोट्यात निसटतात, मग गुंता होतो, माग थांबतो, त्यो मामा बोलतो. दुसऱ्या पोरी गच्च भरतात."

म्हणजे मामांनी दिलेली कांडी दुसऱ्या कुणाच्या हातची होती. ती ९४० मीटर, आईची नऊशेच्या आत. हा फरक कारखान्याच्या हिशेबात कुठंही लिहिलेला नसतो.

सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, रिकामे खिळे काढणार का. नाही काढणार.

१७ एप्रिल

प्रदर्शन. परीक्षकांपैकी एकांनी दूरवर उभं राहून पाहिलं, त्यांना भिंतीवर फक्त धूसर राखाडी पट्टा दिसला. जवळ आले तेव्हा ओळी दिसल्या. आणखी जवळ आल्यावर गाठी. त्यांनी गाठी मोजल्या, अकरा. कोपऱ्यात एका छोट्या स्पीकरवर मामांच्या सहा मागांचा आवाज अगदी हळू, आणि दर कांडीबदलाला एक खंड. त्यांनी विचारलं हा खंड मी घातलाय का. मूळ ध्वनिमुद्रण तसंच आहे, असं सांगितलं.

पाटीवर मराठीत, खाली गुजराती आणि इंग्रजीत: 'एक कांडी'. सूत भरणी, आईचं पूर्ण नाव. भिंतीवरची मांडण, माझं नाव. दोन्ही अक्षरं सारख्या आकाराची.

आई दुपारी पोचली. दोन खाडे करून आलीय. आधी पाटी वाचली, बोट लावून. मग भिंतीपाशी गेली आणि डावीकडून उजवीकडे चालत गेली, वरच्या ओळींपासून नाही, तिच्या खांद्याच्या उंचीवरच्या ओळींपासून. एका ठिकाणी थांबली. "हितं ढील पडलाय." खरंच पडला होता, ८३ वी ओळ. तिनं खिळ्यापाशी बोट घालून ती अलगद सारखी केली. तेवढ्यात परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, कामाला हात लावलाय म्हणून. मी काही बोलले नाही. तिनं आणखी दोन ओळी सारख्या केल्या.

मग तिला एक गाठ सापडली. तिच्यावर नख फिरवलं. "ही पयली व्हय?" हो, ती पहिलीच होती, ६१ वी ओळ. "जाड झालीया. पुढच्या बऱ्या हाईत."

२५ एप्रिल

उतरवायला दोघी होतो, आई राहिली होती. मी खिळ्यावरून सूत सोडवत गेले, तिनं हातानं कांडीवर गुंडाळत नेलं, खालून वर, शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे. अकरा गाठींपैकी प्रत्येक तिच्या बोटातून गेली तेव्हा ती किंचित थांबायची. साडेतीन तास लागले. मांडवीतल्या सोनाराकडे पुन्हा गेलो: तेरा ग्रॅम आणि वर थोडंसं.

कांडी आईनं रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. ती मागावर चालेल का, मी विचारलं. गाठी आहेत म्हणून कापडात दिसतील, पण चालेल, म्हणाली.